तास किती झाले, कॅप्टनसाहेब?

भिलाईतल्या पावर हाउसच्या स्टँडवर मेश्रामकाका ऑटोत बसायच्या आधी ऑटोवाल्याची मुलाखत घेतात. भाडं नंतर ठरतं. आधी गाडी किती तास चालवली, कुठं शिकला, त्याआधी काय चालवत होता, ट्रॅक्टर की ट्रक, हे सगळं विचारून होतं. ट्रॅक्टरवाला असला तर काका बसत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की ट्रॅक्टरवाल्याला मागे ट्रॉली आहे असंच जन्मभर वाटत राहतं, आणि तो वळण फार मोठं घेतो. एकदा अहिवाऱ्याकडच्या एका ऑटोवाल्यानं सगळी उत्तरं दिली, मग गाडी बंद केली आणि शांतपणे छत्तीसगढीत विचारलं, "कका, बइठना हे के बिहाव जमाना हे?" काकांनी त्यालाही उत्तर दिलं. म्हणाले, लग्नात एवढं पाहत नाहीत, म्हणून तर पस्तावतात.

ही चौकशी ऑटोपुरती असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो. काका विमानाच्या पायलटालाही सोडत नाहीत.

आमची ओळख जुनी. पोलाद कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आमच्या दोघांच्या अंगणात एकच कुंपण होतं, आणि त्या कुंपणावर दोन्ही घरांचे कपडे वाळायचे. सकाळच्या शिफ्टला सायकलींचा लोंढा निघायचा, त्यात काका डब्याची पिशवी हँडलला अडकवून ताठ बसलेले असायचे. मी ऑफिसातला कारकून. काका मेल्टिंग शॉपमध्ये क्रेन ऑपरेटर. म्हणजे छताखालच्या केबिनमध्ये एकट्यानं बसायचं आणि वितळलेल्या पोलादाचं भलंमोठं लॅडल, म्हणजे खोलीएवढी बादली, माणसांच्या डोक्यावरून उचलून न्यायचं. खाली उतरले की त्यांना जमीन ठेंगणी वाटायची. "तुम्ही लोक फाइली उचलता," ते मला म्हणायचे, "मी सूर्य उचलतो." हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की माझी बायको भाकरी भाजताना तेच म्हणते.

निवृत्त झाल्यावर दोघांनीही रिसालीत घरं बांधली, पुन्हा शेजारीशेजारी. काकू गेल्या. घरात काका, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि मुलगी पल्लवी. भिलाईतल्या इतर पोरी इंजिनीअरिंगच्या कोचिंगला जायच्या तेव्हा या पोरीनं विमान उडवायचं म्हटलं. शेजारपाजारचे हसले. काकांनी फक्त एवढंच विचारलं की शिकवणाऱ्याचे तास किती झाले आहेत. मग फंड मोडला आणि पोरीला फ्लाइंग स्कूलमध्ये घातलं.

लायसन्स मिळालं, नोकरी मिळेना. एक मोठी विमान कंपनी भरती करत होती, पण कधी परीक्षा पुढे जायची, कधी मुलाखत. पल्लवीकडे होते ते लायसन्सपुरते तास. रांगेत उभे होते ते फौजेतून आलेले, परदेशात शिकलेले, कॅप्टनांची पोरं. त्या काळात काकांना हैदराबादला राहणाऱ्या धाकट्या भावाची, रमेशची, वारंवार आठवण येऊ लागली. रायपूरहून विमानानं जायचे, दोन दिवस राहायचे, विमानानं यायचे. एकदा मीही बरोबर होतो.

दारातच त्यांनी हवाईसुंदरीला हात जोडून विचारलं, कॅप्टनसाहेब कुठचे, आणि तास किती झाले. तिनं हसून सीट दाखवली. काका हसले नाहीत. हैदराबादला विमान दाणकन टेकलं. उतरताना कॅप्टन दाराशी उभे होते, मोठ्या मिशांचे. काकांनी त्यांना गाठलं. मागे सगळं विमान उभं. कॅप्टनांनी सांगितलं, फौजेत होते, फायटर उडवत होते. काका पायऱ्या उतरता उतरता मला म्हणाले, "तरीच. उतरवलं नाई बावाजीनं, सलामी ठोकली."

अशी त्यांची पारख. परदेशात शिकलेले पायलट, त्यांच्या मते, बोलतात गोड पण वळताना घाई करतात. छोटी विमानं उडवत वर आलेले हवेशी भांडत नाहीत. आणि बंद पडलेल्या कंपनीतून आलेले सगळ्यांत अलगद उतरवतात, कारण त्या माणसानं घरी बसून दिवस काढलेले असतात. हे सगळं काका मला अंगणात खुर्ची टाकून समजावून सांगायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला विमानाची भीती वाटते. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की हा माणूस भीतीपोटी विचारत नव्हता. कंपनी कोणाला घेते, कुठून आलेल्याला घेते, त्यात आपली पोरगी कुठं बसते, ते तो दारादारात उभा राहून शोधत होता. रमेश तर म्हणायचा, दादा येतो आणि परतीच्या विमानासाठी घड्याळ पाहत बसतो.

शेवटी पल्लवीला घेतलं. काकांनी रिसालीत पेढे वाटले आणि ज्याला पेढा दिला त्याला तिचे तासही सांगितले.

आणि इथंच सगळं बिनसलं.

पल्लवीला पहिल्यांदा रायपूरची फ्लाइट मिळाली तेव्हा तिनं बापाला तिकीट पाठवलं. काकांचा गुडघा दुखायला लागला. दुसऱ्यांदा कूलर दुरुस्तीला माणूस येणार होता. तिसऱ्यांदा पेन्शनच्या कामाला बँकेत जायचं होतं, आणि तो रविवार होता. मग तिनं तिकीट पाठवणं बंद केलं. रोजचा फोन आठवड्यावर आला. एक दिवस तिनं मलाच फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "अविनाशकाका, दुनियाभरचे पायलट बाबांना चालले. वो मूँछवाला भी चला. मीच नाही चालत. माझे तास कमी आहेत ना, म्हणून."

मी तडक कुंपणापाशी गेलो. काका मिरच्यांना पाणी घालत होते. मी तिचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. त्यांनी झारी खाली ठेवली.

"तुले रमेश माहीत हाये ना," ते म्हणाले. "तो अन मी एकाच शॉपमध्ये होतो. आमच्याकडे एक भाऊ क्रेनवर अन सख्खा भाऊ खाली, असं ठेवत नव्हते. कागदावर नव्हतं ते, पण फोरमन पाळे. एक दिवस कोणी रजेवर होतं म्हणून रमेशले माह्या क्रेनखाली पाठवलं. मी लॅडल उचललं, अन खाली त्याची पिवळी टोपी दिसली. बस. माह्याच्यानं पुढं नेववेना, खाली ठेववेना. खालून सगळे शिट्ट्या मारून राहिले. काही झालं नाई रे. पण तो हात माहा नव्हता."

झारी पुन्हा उचलत म्हणाले, "आपलं माणूस लोडखाली असलं का हात बदलते. मी मागे बसलो आहो हे तिले समजलं, तर तिचा हात बदलन."

मी म्हटलं, मग हे तिला सांगा ना. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला पुन्हा फाइलीच आठवल्या. "सांगितलं का मग दर वेळी तेच तिच्या डोक्यात येईन. राहू दे. माह्यावर राग आहे ना, असू दे. रागानं हात नाई बिघडत."

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, काका, तिला कळलंच नाही तर?

पुढचे चार दिवस या गृहस्थाच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी काकूंच्या हयातीतही पाहिला नव्हता. तिची रायपूरहून हैदराबादची फ्लाइट कोणती ते मी पल्लवीकडून गप्पांत काढून घेतलं, तिकिटं मी काढली, जागा शेवटच्या रांगेतली. वेश काकांनी ठरवला: ऐन मे महिन्यात माकडटोपी आणि तोंडाला मास्क. सिक्युरिटीवाल्यांनी त्यांना तीनदा तपासलं. आयुष्यात पहिल्यांदा ते विमानात कोणालाही काही न विचारता, मान खाली घालून शिरले.

दरवाजे बंद झाले. घोषणा झाली, कॅप्टन अमुक आणि फर्स्ट ऑफिसर पल्लवी मेश्राम. काकांनी पटकन मागेपुढे पाहिलं, लोकांनी ऐकलं का ते. कोणी ऐकलं नव्हतं. फक्त पुढच्या रांगेतले एक जाडे गृहस्थ बायकोला म्हणाले, पायलट लेडीज दिखती है.

काका पुढं वाकले. मास्कमधूनच म्हणाले, "भाईसाब, आराम से बैठो. हाथ अच्छा है उसका."

गृहस्थांनी वळून विचारलं, आपको कैसे मालूम?  काका खिडकीबाहेर पंखाकडे पाहू लागले, आणि विमान धावायला लागलं तसं त्यांनी माझं मनगट धरलं. ते हैदराबादपर्यंत सोडलं नाही. ढगांत दोन-तीन हिसके बसले तेव्हा मला वाटलं, आता हाड जाणार. खालची जमीन जवळ येऊ लागली तसे त्यांचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता. क्रेन खाली घेताना खालचा माणूस ऑपरेटरला हातानं खुणा करतो, तशी त्यांची मोकळी बोटं मांडीवर हळूहळू खाली येत होती. हळू, हळू, अजून. चाकं टेकली ती मला आवाजावरून कळली, धक्का असा बसलाच नाही.

सगळे उतरेपर्यंत काका बसून राहिले. बेत असा होता की गर्दीत मिसळून निघायचं. पण ते खिडकीतून धावपट्टी पाहत बसले, आणि उठले तेव्हा विमानात आम्ही दोघेच होतो. दाराशी कॅप्टन आणि त्यांच्या शेजारी पल्लवी उभी होती. मे महिन्यातली माकडटोपी तिनं लांबूनच ओळखली असावी.  पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, आणि चेहरा लहानपणी कुंपणावरचे कपडे पाडून पळणाऱ्या पोरीचा.

कॅप्टनना तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी समजलं. ते हसून म्हणाले, आज लँडिंग इन्हीं की थी.

पल्लवीनं बापाची टोपी काढली, विस्कटलेले केस सारखे केले, आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "कशी होती, बाबा?"

"मले काय माहीत," काका म्हणाले. "मी झोपलो होतो."

 तिनं कॅप्टनसमोरच त्यांच्या गळ्याला मिठी मारली. तिच्या खांद्यावरून काका माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते. मी मुकाट्यानं माझं लाल झालेलं मनगट खिशात घातलं.