खारीचं वर्णन आणि सेथुन्याची सोयरीक

"गोसेगो, तू फक्त चहा टाक. बोलणी माझ्यावर सोड! माझ्या जिभेवर मध आहे मध!" गाओलाथे बहिणीला छाती ठोकून म्हणाला.

त्याचं म्हणणं चूकही नव्हतं. भाची सेथुन्याला मागणी घालायला घांझीहून माणसं येणार होती, आणि त्यांच्याशी बोलायचा मान मामाचाच. शिवाय पर्यटकांना कालाहारीतले प्राणी दाखवण्याचा त्याचा धंदा. दिवसभर बोलून घसा बसला तरी जीभ कधी बसली नाही!

पाहुणे दुपारी यायचे होते, पण ते सकाळीच आले. रिवाजाप्रमाणे बोलावणं येईपर्यंत कुंपणाबाहेरच्या बाभळीखाली गुपचूप बसले. गाओलाथेला पत्ताच नव्हता. मुलाचे मोठे मामा रा सेलेका कोट, टाय आणि चकचकीत जोड्यांत. सोबत त्यांचा धाकटा भाऊ ओडिर्ले.

नेमका तेव्हाच गाओलाथेचा फोन वाजला. पलीकडे त्याच्याच धंद्यातला मित्र थुसो. "गड्या, वाचव! गाडीत सहा पर्यटक आहेत आणि बिळात राहणाऱ्या खारीबद्दल विचारतायत. काय सांगू?"

गाओलाथेला चेव आला. तो कुंपणाशी जाऊन, साऱ्या हुकुंत्सी गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाला.

"कुठे सापडतील म्हणतोस? अरे, आमच्याच घराशी! आजी, आई, मावशी, पोरी, सगळा बायकांचा कारभार! नरांना थारा नाही. ते बिचारे रानोमाळ भटकतात!"

कुंपणापलीकडे रा सेलेकांनी कान टवकारले.

"दिसायला? केस म्हणजे झाडूच्या काड्या! डोळ्यांभोवती पांढरी कडी. कान एवढेसे, शोधावे लागतात! दिवसभर जमीन उकरायची आणि दोन्ही हातांनी खात बसायचं!"

"दादा," ओडिर्ले कुजबुजला, "हे मुलीचं वर्णन चाललंय का?"

"मुलीचं नाहीतर तिच्या आईचं. गप्प, ऐकू दे!"

"आणि ऊन तापलं ना, की झुबकेदार शेपूट डोक्यावर छत्रीसारखं धरायचं!"

"शेपूट?!" रा सेलेका ताडकन उठले. "चल! या घराशी सोयरीक नको!"

पाहुणे आलेले पाहून चहा घेऊन आलेल्या गोसेगोला फक्त पाहुण्यांच्या पाठी दिसल्या. "गाओलाथेऽऽ! काय बोललास रे त्यांना?"

गाओलाथे फोन टाकून धावत सुटला. "अहो थांबा! खार! मी खार म्हणत होतो!"

"आता आम्हाला खार म्हणतो!" रा सेलेका कडाडले.

"तुम्हाला नाही हो! ती बघा, तिथे बिळं आहेत. एकदा बघा, मग हव्या तेवढ्या शिव्या द्या!"

हातापाया पडून त्याने दोघांना बिळांपाशी नेलं. तिथे सगळा शुकशुकाट! एवढ्या आरडाओरड्याने कोण बाहेर येणार? रेती तापत होती, टाय आवळत होता, ओडिर्ले दात विचकत होता. गाओलाथेने कपाळावर हात मारला. पोरीचं लग्न आपल्या तोंडाने मोडलं!

एवढ्यात एका बिळातून डोकं वर आलं. डोळ्यांभोवती पांढरी कडी! मग दुसरं, मग पाच, मग अकरा! दालचिनीच्या रंगाच्या, कुशीवर पांढरा पट्टा असलेल्या. सूर्याकडे पाठ करून त्यांनी एकदम शेपट्या डोक्यावर धरल्या!

"अरेच्चा! खरंच छत्री!" रा सेलेका पोरासारखे हरखले. नीट बघायला एक पाऊल पुढे टाकलं, आणि धप्प! जमीन खचली. उजवा पाय गुडघ्यापर्यंत बिळात! खारी क्षणात गडप.

दोघांनी ओढलं. पाय हलेना. गोसेगो फावडं घेऊन धावत आली, पण आल्यावर फावडं टेकवून उभी राहिली.

"पाहुणे, परत निघाला होतात म्हणे?"

"गैरसमज झाला हो बाई! खोदा ना!"

"माझ्या लेकीचं काय?"

"सोन्यासारखी आहे पोर! पोराने तिच्याशिवाय दुसरं नाव घेतलेलं नाही! पुढच्याच महिन्यात लग्न करू! आता तरी खोदा, काहीतरी पायाला हुंगतंय!"

फावडं चाललं. पाय सुटला. गोसेगो आनंदाने आरोळ्या ठोकू लागली, ओडिर्ले नाचला, रा सेलेका लंगडत तिचा हात धरून चहाला निघाले.

गाओलाथेने मिशीवर ताव दिला. "बघितलंस? मी म्हटलं नव्हतं, जमवून दाखवतो?"

गोसेगोने फावडं त्याच्या हातात दिलं आणि पाहुण्यांच्या उघड्या पायाकडे बोट दाखवलं.

"जोडा आतच राहिलाय. घेऊन ये."