पाणवठ्याची पाळी

एका जंगलात, मुलांनो, लोकशाही आली. कुठून आली ते विचारू नका. आली खरी.

त्या जंगलात एकच पाणवठा होता. त्याच्या काठाला करवंदीची दाट जाळी होती आणि जाळीत एक बिबट्या राहायचा. दिवसा तो झोपायचा, संध्याकाळी उठायचा. सगळ्या नरांनी आधी पाणी प्यायचं आणि दिवस मावळताना माद्यांनी पिल्लांना घेऊन जायचं, अशी तिथली जुनी पद्धत होती. त्यामुळे दरवर्षी पाच-सात पिल्लं कमी व्हायची. नर हळहळायचे. "पिल्लांकडे लक्ष द्यायला हवं," असं म्हणायचे.

पंचायतीचा प्रमुख हणमंतराव नावाचा गवा होता. एके वर्षी प्रमुखाची जागा माद्यांसाठी राखीव झाली. हणमंतरावांनी जराही कुरकुर केली नाही. आपल्या बायकोला, सगुणाबाईंना, त्यांनी उभं केलं. त्या निवडून आल्या. मिरवणूक हणमंतरावांची निघाली.

कारभार पूर्वीसारखाच चालू राहिला. सभेत हणमंतराव बोलायचे. मग कारकून साळिंदर सगुणाबाईंकडे कागद घेऊन यायचा.

"वहिनी, इथे खूर टेकवा."

सगुणाबाई खूर टेकवायच्या आणि रवंथ करत घरी जायच्या.

पुढे शेजारच्या जंगलातून आमंत्रण आलं. महिला प्रमुखांसाठी अभ्यास दौरा होता. अर्थातच हणमंतराव गेले. सोबत पंचायतीतले सगळे नर सदस्यही गेले. एवढा अभ्यास एकट्याला झेपला नसता.

त्याच आठवड्यात पारू चितळिणीचं पाडस गेलं. पारू सगुणाबाईंकडे आली. ती रडत नव्हती. नुसती उभी राहिली.

"बाई, दुसरं अजून लहान आहे," ती म्हणाली. "त्याला आज पाण्यावर नेऊ का नको, एवढं सांगा."

रात्रभर सगुणाबाईंना रवंथही करवला नाही.

दुसऱ्या दिवशी मासिक सभा होती. साळिंदराने नेहमीसारखा कागद पुढे केला.

"काय लिहिलंय?" सगुणाबाईंनी विचारलं.

साळिंदर गडबडला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. "साहेब परत आले की त्यांच्या सत्काराचं आहे, वहिनी."

"बरं. त्याच्याखाली लिहा. उद्यापासून सकाळी माद्या आणि पिल्लं पाणी पितील. नर संध्याकाळी."

सभेला फक्त माद्या हजर होत्या. ठराव एकमताने मंजूर झाला. त्यांना हात वर करायची सवय नव्हती, म्हणून कोणी शेपूट वर केली, कोणी कान. साळिंदराने सगळं धरलं.

हणमंतराव परतले आणि लालबुंद झाले.

"मला न विचारता ठराव?"

"तुम्ही अभ्यासाला गेला होता ना. काय शिकवलं तिथे?"

हणमंतराव घुटमळले. "महिलांना निर्णय घेऊ द्यावेत, असं शिकवलं."

"मग बरोबरच झालं की."

झालेला ठराव सहा महिने बदलता येत नाही, असा नियम साळिंदराने शोधून दाखवला. नरांचा नाइलाज झाला. ते संध्याकाळी पाण्यावर जाऊ लागले.

तिसऱ्याच दिवशी गेनबा रानडुकराची अर्धी शेपटी गेली. गेनबा पंचायतीचा ज्येष्ठ सदस्य होता. सकाळी तातडीची सभा भरली.

"जंगलात सुरक्षितता राहिलेली नाही," गेनबा उभ्यानेच म्हणाला. त्याला बसता येत नव्हतं.

"ही जाळी इतकी वर्षं राहिली कशी?" हणमंतरावांनी विचारलं.

जाळी काढायचा अर्ज माद्यांनी अकरा वेळा केला होता. दर वेळी पाहणी समिती नेमली गेली होती. या वेळी समिती नेमायला कोणाला सुचलंच नाही. डुकरांनी मुळं उकरली, गव्यांनी झुडपं तुडवली. चार दिवसांत काठ मोकळा झाला. बिबट्याला लपायला जागा उरली नाही, तो डोंगरापलीकडे निघून गेला.

मग हणमंतरावांचा सत्कार झाला. "पिल्लांचा प्रश्न मी पहिल्यापासून लावून धरला होता," असं ते भाषणात म्हणाले. पारू चितळीण आपल्या धाकट्या पाडसाला घेऊन मागे पाणवठ्याच्या काठावर उभी होती. पाडस भर उन्हात निवांत पाणी पीत होतं, तिकडेच तिचं लक्ष होतं.

भाषण चालू असतानाच सगुणाबाईंनी साळिंदराला बाजूला बोलावलं.

"पुढच्या सभेचा विषय लिहून घ्या. पिल्लं सांभाळायचं काम नर आणि माद्यांनी आळीपाळीने करावं."

साळिंदराने लिहिलं आणि मान हलवली. "मॅडम, हे मंजूर होणार नाही."

"आज नाही होणार," सगुणाबाई म्हणाल्या. "टेकडीपलीकडे मोह फुललाय. आम्ही सगळ्या चार दिवस जाऊन येतो. पिल्लं इथेच राहतील. आल्यावर सभा घेऊ."

तात्पर्य: बायकांच्या अडचणी सुटाव्यात असं मनापासून वाटत असेल, तर त्या बायकांकडे ठेवू नयेत. थोडे दिवस पुरुषांकडे द्याव्यात.