बावीस रायफली, बावीस बोल्ट

चहा पिऊन झाला की हवालदार शामराव कप पालथा करतात, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात आणि कपाच्या बुडावरचा छाप वाचतात. मग बशीचा वाचतात. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा वाचून झाल्यावर म्हणाले, "सर, ही बशी ह्या कपाची न्हाई. कारखानाच येगळा हाय. कुठनं आली?"

ती माझ्या मेहुणीची होती. दोन दिवाळ्यांपूर्वी फराळ घेऊन आली होती आणि परत गेलीच नव्हती. हे बायकोला ठाऊक होतं, मला नव्हतं. पुढे महिनाभर तिनं शामरावांना स्टीलच्या पेल्यातून चहा दिला. त्यांनी पेलाही पालथा केला, ही गोष्ट वेगळी.

आष्ट्यात आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर आहे. फौजेत ते आर्मरर होते, म्हणजे पलटणीच्या बंदुका उघडून दुरुस्त करणारे. जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल हातात आली की गोळी कुठून सुटते यात त्यांना रस नसतो. ते तिच्या अंगावरचे छाप शोधतात. कुठे मुकुट, कुठे बाण, कुठे नखाएवढी दोन अक्षरं. त्यावरून ती विलायती की देशी, कुठल्या कारखान्यातली, आणि मध्ये कुणी तिची नळी बदलली का, हे सगळं सांगतात. एखाद्या नवऱ्या मुलीच्या घराण्याची चौकशी करावी तसं.

फौज सुटली तरी सवय सुटली नाही. गल्लीत कुणी जुनी मोटारसायकल घ्यायला निघाला की आधी शामरावांना मागं बसवतो. एकदा भर सौद्यात त्यांनी "इंजिन एका गाडीचं, सांगाडा दुसरीचा" असं जाहीर केलं. विकणारा त्यांच्याच चुलत्याचा जावई निघाला. त्या घरातून त्यांना लग्नाचं आवतान येणं बंद झालं. त्यांचं म्हणणं एकच असतं, "नंबर बोलतोय, आपून गप ऱ्हायचं." गप मात्र ते कधीच राहत नाहीत.

मी सांगलीला कॉलेजात शिकवतो, छात्रसैनिकांची कवायतही माझ्याकडेच आहे. कवायतीसाठी नळी बुजवलेल्या बावीस जुन्या रायफली होत्या. बोल्ट म्हणजे रायफलीची मागंपुढं सरकणारी कडी. ती काढून वेगळ्या पेटीत कुलपात ठेवायची, असा नियम. महापुरात पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही सगळे बोल्ट एका गोणीत कोंबून वरच्या मजल्यावर नेले. पाणी ओसरल्यावर हाताला येईल तो बोल्ट समोर येईल त्या रायफलीत घातला. त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. यंदा त्या मोडीत काढायचा हुकूम आला. सोमवारी गाडी येणार आणि सगळ्या कापून भट्टीत जाणार. हे मी एसटीत सहज शामरावांना सांगितलं, गोणीसकट. तिथंच माझं चुकलं.

"म्हंजी बोल्ट ज्येच्या त्येला न्हाईत?" त्यांचा चेहराच उतरला. "सर, परत्येक बोल्ट त्याच रायफलीत घासून बसिवल्याला असतोय. दोघांवर एकच नंबर असतोय. आसं कसं केलंसा?"

"शामराव, त्या वितळणारच आहेत."

"वितळू द्या की. पर आपापल्या माणसासंगं."

प्राचार्यांची परवानगी काढली. शनिवारी सकाळी शामराव माझ्या आधी फाटकावर हजर, पिशवीत भिंग, दातांचा जुना ब्रश, तेलाची बाटली आणि खडू. गंज घासायचा, वर खडू चोळायचा, की पुसट आकडा पांढरा होऊन उमटतो. भांडारातले देसाई थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हवालदार, बावीस आणि बावीस. जुळलं की. भंगारवाला काय नंबर बघतोय?"

"उद्या तुमचं धड माझ्या मुंडक्यासंगं जाळलं, तर चालंल का?"

देसाई चहाला निघून गेले.

एकेक बोल्ट आपल्या रायफलीत जाऊन खट्कन बसला की शामराव त्याच्यावर हात फिरवत, "जा गड्या, घरला गेलास." मी आधी हसत होतो. रविवारी दुपारनंतर मीही खडू चोळायला बसलो. संध्याकाळपर्यंत एकवीस जुळल्या. एक रायफल आणि एक बोल्ट उरला, आणि त्या दोघांचे नंबर मात्र वेगळे. खरा बोल्ट पुराच्याही आधी कुठल्या शिबिरात बदलला असेल.

मी म्हणालो, "आता दोघंच उरलेत. घाला एकमेकांत. सहाची गाडी गाठू."

ते उठले नाहीत. बोल्ट मांडीवर घेऊन पुसत राहिले.

"सर, करोनात मी आन आमची मंडळी, दोघं बी दवाखान्यात. ती गेली तवा मी नाकात नळी घालून पडल्यालो. थोरल्यानं राख आणली. मडक्यावर चिठ्ठी व्हती, चिठ्ठीवर नंबर. पावसात शाई पसरल्याली. घरी आल्यावर दवाखान्याच्या कागदासंगं नंबर ताडाया भिंग लावलं, चिठ्ठी उन्हात धरली. शेवटचं दोन आकडं दिसलंच न्हाईत. जल्मभर लोकांचं नंबर लावलं, हिचाच तेवढा न्हाई लागला."

त्यांच्या बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती. इतक्या चहांत त्यांनी हे कधी काढलं नव्हतं.

"मग?"

"मग काय. कृष्णेत सोडली. कुणाची का असंना, कुणाच्या तरी घरचं माणूस व्हतं. तवापास्नं पितरांच्या म्हाळाला एक पान जास्ती वाढतो. नाव ठावं न्हाई. नुसतं जेवा म्हणतो."

त्यांनी बोल्टला तेल लावलं आणि त्या परक्या रायफलीत हळूहळू सरकवला. अडला. मागं घेतला, परत लावला. तिसऱ्यांदा बसला. त्यावर त्यांनी हात फिरवला, इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ.

"आमच्या हिचं पान बी कुणीतरी वाढत आसंल, सर. लोक चांगली असत्यात. पर तिला गोड चालायचं न्हाई. खीर बघितली की त्वांड फिरवायची." चष्मा काढून ते माझ्याकडे बघत होते. "त्यास्नी कोण सांगणार?"