कासिवाच्या पोटाची समिती

कासिवा मुथियानी या प्राथमिक शिक्षिकेने आपल्या पोटाबद्दल एकटीने विचार करायचं ठरवलं. केनियातल्या मचाकोस गावात असा प्रकार याआधी कुणी केल्याचं ऐकिवात नव्हतं. तिथे माणूस परदेशी शिकायला निघाला, लग्नाला उभा राहिला, छपरावरून पडला किंवा वारला, की संध्याकाळच्या आत त्याच्यासाठी समिती नेमली जाते. समितीला अध्यक्ष असतो, चिटणीस असते, खजिनदार असतो आणि फोनवर एक ग्रुप असतो, ज्यात पहाटेपासून प्रार्थना आणि उगवत्या सूर्याची चित्रं येत राहतात. एकट्याने विचार करणाऱ्या माणसासाठी मात्र कसलीच तरतूद नव्हती.

विचार तसा साधा होता. तीन बाळंतपणांत कासिवाचं वजन भरपूर वाढलं होतं. मग तिने ते हट्टाने उतरवलं. रोज पहाटे टेकडीचा चढ चढली, चपात्या सोडल्या, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत येणाऱ्या तळलेल्या गोड पुऱ्यांकडे, गरम मंदाझींकडे, पाठ करून बसली. वजन गेलं. कातडी मात्र कुठेच गेली नाही. ती पोटावरून खाली लोंबत राहिली. उन्हाळ्यात तिच्या घडीखाली घामोळं यायचं. रोज सकाळी ती रजईसारखी दुमडून स्कर्टच्या पट्ट्यात कोंबावी लागायची. फळ्यावर उंच लिहायला हात वर केला की ब्लाउज वर सरकायचा आणि तिसरीची मुलं नद्या सोडून भलतंच काही पाठ करायची.

ही कातडी कापून टाकता येते, असं कासिवाच्या वाचण्यात आलं. टाकावी की टाकू नये, एवढाच प्रश्न होता. पण नैरोबीच्या डॉक्टरला भेटायला जायचं तर मुलांना कोण सांभाळणार? म्हणून तिने नणंदेला, कलोंडूला, सांगितलं, "ताई, गुरुवारी मुलांकडे बघाल का? मला नैरोबीला डॉक्टरकडे जायचंय."

चूक झाली ती इथे. या वाक्यात आजाराचं नाव नव्हतं, आणि मचाकोसमध्ये ज्या आजाराला नाव नसतं तो सगळ्यांत मोठा समजतात. त्यात ही बाई वाळून निम्मी झाली होती. आधीच निम्म्या गावाचं म्हणणं होतं की नवरा खायला घालत नाही. उरलेलं निम्मं गाव म्हणत होतं की ती खाते, पण अंगाला लागत नाही, म्हणजे जास्तच काळजीचं. कलोंडूने फक्त "बरं" म्हटलं आणि डोळे पुसत फोन हातात घेतला.

नैरोबीच्या डॉक्टर अतिएनो कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी पोट तपासलं, दोन बोटांत कातडी धरून पाहिली आणि कासिवा तिसरीच्या मुलांना वजाबाकी शिकवते तसं सावकाश समजावलं.

"ही जास्तीची कातडी. व्यायामाने जाणार नाही. खालचे स्नायू बाळंतपणांत मधोमध फाकलेत, तेही शिवता येतील. पण व्रण या कमरेपासून त्या कमरेपर्यंत राहील, कायमचा. सहा आठवडे धाकट्याला उचलायचं नाही. आणखी मूल हवं असेल तर ते आधी होऊ द्या."

"आणखी मूल नकोय."

"वजन कधीपासून एका जागी आहे?"

"गेल्या नाताळापासून."

"मग ऑपरेशन होऊ शकतं."

"करावं का?"

"ते मी नाही सांगणार. नाही केलं तरी काही बिघडत नाही. मलम देते, घामोळं तरी कमी होईल. बाकी, पोट तुमचं आहे."

असं वाक्य कासिवाला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. परतीच्या खच्चून भरलेल्या मटाटू-गाडीत, शेजाऱ्याची कोंबडी मांडीवर आणि चालकाचं गाणं कानात अशा अवस्थेत, ती ते मनातल्या मनात घोळवत बसली. पोट तुमचं आहे. हे खरं असेल तर ठरवायचंही आपणच. ती इतक्या दिवसांनी मोकळी हसली.

घरी पोचली तर अंगणात मांडव होता. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं बसली होती आणि तिचा नवरा मुथियानी किटली घेऊन चहा वाटत फिरत होता.

"कोण गेलं?" कासिवाने घाबरून विचारलं.

"कुणी नाही अजून," मुथियानी म्हणाला. "तुझी समिती आहे."

"माझी?"

"तुझ्यासाठी. मी नको म्हणत होतो. तर मला खजिनदार केलं."

अध्यक्षस्थानी किथेका गुरुजी होते. निवृत्त मुख्याध्यापक. अंगणातल्या बहुतेक सगळ्यांना त्यांनी शिकवलं होतं, त्यामुळे सभेत कुणी हात वर केल्याशिवाय बोलत नसे. गुरुजींनी चष्मा पुसला आणि खोल आवाजात म्हणाले, "पोरी, धीर धर. आम्ही सगळे आहोत. किती दिवस म्हणाले डॉक्टर?"

"कशाचे दिवस, गुरुजी? मला आजार नाही. वजन उतरलं, कातडी राहिली. ती काढावी का, एवढंच विचारायला गेले होते."

मांडवात माणसं एकमेकांकडे बघू लागली. आनंदाने म्हणता येणार नाही. लोक कामं टाकून आले होते.

"म्हणजे," गुरुजींनी खात्री करून घेतली, "तू मरणार नाहीस."

"नाही, गुरुजी. सध्या तरी नाही."

"मग समिती उठवायची का?" मुथियानीने आशेने विचारलं.

गुरुजींनी त्याच्याकडे चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघावं तसं पाहिलं. "समिती एकदा नेमली की काम पूर्ण केल्याशिवाय उठत नाही. काम बदललं, समिती तीच. विषय पहिला: कासिवाचं पोट. ठेवणे किंवा काढणे."

कासिवाने हात वर केला. "मला बोलायचंय."

"तू लाभार्थी आहेस. लाभार्थीला सभेत बोलता येत नाही."

"मग मला सभासद करून घ्या."

यावर कुजबुज झाली आणि अर्ज फेटाळण्यात आला. या पोटात अर्जदाराचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला असल्यामुळे तिच्याकडून निःपक्षपाती निर्णयाची अपेक्षा करता येत नाही, असं कारण चिटणीस कलोंडूने इतिवृत्तात लिहिलं.

मग गुरुजींनी शाळेतून फळा मागवला आणि विषय समजावून सांगितला. "रताळ्यांचं पोतं घ्या. भरलं. आता रिकामं केलं. पोतं लहान झालं का?"

"नाही, गुरुजी," सगळं अंगण एका सुरात म्हणालं.

"शाबास. मग जास्तीचं पोतं कापायचं की नाही? हात वर करून सांगा."

गावाचे दोन पक्ष पडले. काढा-पक्षाचं म्हणणं, शिक्षिकेने टापटीप असावं. ठेवा-पक्षाची पुढारी कलोंडू होती. तिने केसांचा टोप सरळ केला, कोरलेल्या भुवया उंचावल्या, आणि पोट आवळणाऱ्या पट्ट्यातून मावेल तेवढा श्वास घेऊन म्हणाली, "देवाने दिलंय तसं राहावं माणसाने. ही सगळी शहरातली खुळं. आणि मुख्य मुद्दा सांगू? आमच्या घराण्याची तीन मुलं राहिलीत त्या पोटात. भाडं न देता राहिली, ते सोडा. पण घर कुणाचं म्हणायचं मग? असं परस्पर पाडता येईल का कुणाला?"

"ताई, ते घर माझ्या अंगावर आहे," कासिवा न राहवून म्हणाली.

"वायुआच्या आई, तुला बोलता येत नाही ना?" कलोंडूने थोरल्या लेकीच्या नावाने हाक मारत मायेने आठवण करून दिली.

वाद मिटेना, तेव्हा स्थळपाहणी करायचं ठरलं. तीन जबाबदार बायकांची उपसमिती कासिवाच्या झोपायच्या खोलीत गेली आणि बराच वेळ चर्चा करून बाहेर आली. अहवाल गुरुजींनी मोठ्याने वाचून दाखवला. पोट जागेवर आढळले. सध्या वापरात नाही. देखभालीकडे दुर्लक्ष झाल्याचे दिसते. अंतिम मत देण्याआधी आणखी एक पाहणी आवश्यक आहे. त्या वेळी चहाबरोबर काहीतरी खायलाही असावे.

पोटाची कीर्ती वॉर्डाचे निवडून आलेले सदस्य मुलवा साहेब यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. निवडणूक जवळ आली होती, आणि एवढी माणसं एका जागी फुकट बसलेली साहेबांना दुसरीकडे कुठे मिळत नव्हती. पुढच्या सभेला ते पांढऱ्या मोटारीतून आले. केस बुटांइतकेच काळेभोर चमकत होते. पुढच्या रांगेत बसले आणि सवयीने हात वर केला.

"बोल, मुलवा," गुरुजी म्हणाले. "आणि सरळ उभा राहा."

"बंधूंनो आणि मातांनो," मुलवा साहेब सरळ उभे राहून म्हणाले, "कासिवाबाईंचं पोट हे माझ्या कुटुंबाचं पोट आहे. मागच्या सदस्याने त्याच्याकडे पाच वर्षं ढुंकून पाहिलं नाही. मी हे काम हाती घेतोय. दोन टप्प्यांत करू. पहिल्या टप्प्यात डावी बाजू. निवडून आलो की लगेच उजवी."

टाळ्या झाल्या.

"आणि साहेब, मधले दिवस मी चालू कशी?" कासिवाने विचारलं.

"थोडं एका अंगाला कलून चालावं लागेल, बाई. आपला बाजाराचा रस्ता नाही का, अर्धा झालाय तरी लोक जातातच ना? जनता समजूतदार आहे."

"आणि नाही निवडून आलात तर?"

"मग लोकांना समजेल," साहेब गंभीरपणे म्हणाले, "की कुणामुळे काम अडलं."

ठेवा-पक्ष आणि काढा-पक्ष यांना आयतीच तडजोड मिळाली. अर्धं ठेवायचं, अर्धं काढायचं. गुरुजींना तर हा तोडगा गणिताच्या दृष्टीनेही निर्दोष वाटला. पुढच्या शनिवारी मतदान घ्यायचं ठरलं.

शनिवारी सकाळी कासिवा आरशासमोर उभी राहून मलम लावत होती. पलंगावर थोरली वायुआ पाय हलवत बसली होती.

"आई, मी राहायचे ती खोली हीच?"

"हीच."

"तिघंपण?"

"एकामागून एक. गर्दी नाही केलीत, तेवढं खरं."

वायुआने डोकं वाकडं करून नीट पाहिलं. "मला नको आहे आता. मी मावणार पण नाही. तू तुला हवं ते कर त्याचं."

कासिवा मलमाचं बोट तसंच धरून उभी राहिली. आतल्या रहिवाशांपैकी एकीने हक्क सोडला होता. आता मांडवातल्या लोकांकडे नेमका कसला हक्क उरला, हे तिला काही केल्या आठवेना.

तिने स्कर्टची पट्टी नीट केली आणि बाहेर गेली. मतपेटी म्हणून बिस्किटांचा डबा ठेवला होता. ती हात वर न करता बोलली, आणि गावाला धक्का बसला तो आधी त्याचाच.

"मतदान नको. मी ठरवलंय."

"काय ठरवलंस?" गुरुजींनी विचारलं.

"ठरवलंय."

"हो, पण काय? ठेवणे की काढणे?"

"ते नाही सांगणार, गुरुजी."

"पूर्ण वाक्यात उत्तर दे."

"माझ्या पोटाचं काय करायचं ते मी ठरवलं आहे आणि ते मी तुम्हाला सांगणार नाही."

वाक्य पूर्ण होतं. गुरुजींना त्यात काही चूक काढता येईना. कलोंडूची लेखणी हवेतच राहिली. "मग इतिवृत्तात मी लिहू काय?"

"लिहा, ताई, ठरलं म्हणून."

ऑगस्टच्या सुट्टीत कासिवा मुलांना घेऊन कितुईला बहिणीकडे गेली. सुट्टी संपल्यावर परत आली ती सैल, मोठ्या फुलांच्या झग्यात. त्या झग्याखाली सपाट पोट होतं की दुमडलेलं, हे समितीच्या कुठल्याच सभासदाला कुठल्याच कोनातून कळेना.

मुथियानीला घेरण्यात आलं. "मी खजिनदार आहे," तो म्हणाला. "मला जमाखर्च विचारा." त्याला माहीत होतं हे उघड होतं. तो चहा वाटताना शीळ घालत होता, पण तो आधीही घालायचा.

मग निरीक्षण उपसमिती नेमावी लागली. कासिवा सावकाश चालते, अशी एक नोंद आली. पण त्या रस्त्यावर सगळेच सावकाश चालतात. धाकट्याला उचलत नाही, अशी दुसरी. पण धाकटा आता उचलण्याजोगा राहिलाच नव्हता. हसताना पोटावर हात धरते, असं कुणी म्हणालं. ती हल्ली इतकी हसते की दुसरं काय करणार, असं दुसऱ्या कुणी म्हणालं. कलोंडू एकदा तिला जरा जास्तच घट्ट मिठी मारून आली, पण तिच्या स्वतःच्या पट्ट्यापलीकडचं तिला काही जाणवलं नाही. मुलवा साहेबांनी दोन सभांमध्ये पोटाचं काम झाल्याचं श्रेय घेतलं आणि तिसरीत ते अडवल्याचा आरोप विरोधकांवर केला.

समिती आता कायमस्वरूपी झाली आहे. दर शनिवारी भरते, गुरुजी फळ्यावर नव्या शक्यता मांडतात, आणि चुलीवरची मका-घेवड्याची मुथोकोई शिजेपर्यंत चर्चा चालते. कासिवा तिकडे फिरकत नाही. ती शाळेत जाते, फळ्यावर हवं तेवढं उंच लिहिते, आणि तिसरीच्या मुलांना देशातल्या सगळ्या नद्या पाठ झाल्या आहेत.

गोष्ट एवढीच. तुम्ही ती मन लावून वाचलीत. ती बाई सुखात आहे, हे तुम्हाला कळलं. तिचं तिने ठरवलं, हेही तुम्हाला मनापासून पटलं. समितीला तर तुम्ही पोटभर हसलात. तरीही एक प्रश्न तुमच्या ओठांवर आहे, आणि तो घामोळ्याचा नाही. संकोच करू नका. शनिवारी या, पुढच्या रांगेत बसा आणि हात वर करून विचारा.