दमूताई भांडण परत मांडतात

भांडण झाल्यावर माणसं काय करतात? तोंड फिरवतात, लिफ्टमध्ये भेट झाली तर मोबाइलमध्ये डोकं घालतात आणि गणपतीत पुन्हा बोलायला लागतात. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या दमयंती भोईर, म्हणजे दमूताई, यातलं काही करत नाहीत. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजवतात आणि म्हणतात, "चला, कालचं अ‍ॅनालिसिस करून टाकू."

मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळं भांडणं माझ्या पाचवीलाच पुजलेली. दमूताईंशी पहिलं झालं ते त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी खाली गळतं म्हणून. चांगलं कडाक्याचं झालं. आवाज चढले, माझा जरा जास्तच. 'त्या बाईशी आपला संबंध संपला' असं मी बायकोला जाहीरसुद्धा करून टाकलं. सकाळी दार उघडतो तर दमूताई, हातात घावनांचा डबा.

"जाधवसाहेब, सुरुवात तुमी मस्त केलेली," सोफ्यावर बसत त्या म्हणाल्या. "गळकं पानी, मग ओला जिना, मग खालच्या आजोबांचा पाय घसरला. मी पुरी अडकलेले. तिथनं तुमी माझ्या नवऱ्याच्या टेम्पोच्या पार्किंगवर कशाला गेलात? तिथंच हरलात. आजोबांना सोडायचंच नव्हतं. मी तर सॉरी बोलायच्या तयारीत होते."

मग त्यांनी अख्खं भांडण पहिल्या वाक्यापासून मांडून दाखवलं, दोन्ही बाजूंनी, माझ्या चिरक्या आवाजासकट. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून हसत होती. माझी बाजू बरोबर होती हे शेवटी त्यांनीच मला पटवून दिलं. दुपारी कुंड्यांखाली ताटल्या आल्या.

दमूताई बुद्धिबळातल्या मोठ्या खेळाडू आहेत हे मला तेव्हा कळलं. घणसोली गावातली ही आगरी मुलगी थोरल्या भावांचा खेळ बघत बघत शिकली. ती भावांनाच हरवायला लागली तेव्हा भावांनी पट माळ्यावर टाकला. हिनं ओट्यावर खडूनं पट आखला आणि बाटल्यांची बुचं मांडली. पुढं राज्य स्पर्धा जिंकली, देशाकडून खेळली, महिला इंटरनॅशनल मास्टर झाली. त्याच्या वरचा किताब महिला ग्रँडमास्टरचा. त्यासाठी तीन मोठ्या स्पर्धांत ठरलेली कामगिरी करावी लागते. दमूताईंच्या दोन झाल्या, तिसरी राहिली. का राहिली, हे मात्र त्या सांगत नसत.

या खेळात एक रीत आहे. पाच-पाच तास एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघं डाव संपला की शांतपणे शेजारी बसतात, तोच डाव परत मांडतात आणि कोण कुठं चुकलं ते एकमेकांना दाखवतात. त्याला अ‍ॅनालिसिस म्हणतात. दमूताईंनी ही रीत घरी आणली, रस्त्यावरही नेली. एकदा मीटरवरून एका रिक्षावाल्याशी वाजलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला स्टँडवर गाठून त्याच्या चुका समजावून दिल्या. आता तो त्यांना बघितलं की आधी मीटर टाकतो.

त्यांचे यजमान रमाकांतभाऊ यांचा कळंबोलीला लोखंडाचा धंदा. देवमाणूस. घोडा अडीच घरं चालतो, हे त्यांना अजून पटलेलं नाही. मी एकदा विचारलं, "भाऊ, तुमची दोघांची भांडणं होतात का हो?"

"भांडन परवडतं, सायेब," ते म्हणाले, "पन नंतरचं जाम तरास देतं. आमच्या लग्नात मानपानावरून वाजलेलं ना, त्याचं अजून चालू हाय. मागच्या आठवड्यात हिला माझ्या आईची एक चूक नवीन गावली."

एकदा चहा पिता पिता मी सहज विचारलं, "दमूताई, अ‍ॅनालिसिस राहिलंय असं एखादं भांडण असेल की नाही?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"एक हाय," त्या म्हणाल्या. "सांगलीची सुनंदा."

दोघी बरोबरीच्या. गावोगावच्या स्पर्धांना एकत्र जायच्या, लॉजवर एकच खोली घ्यायच्या. दमूताईंनी सुकट काढली की सुनंदाताई नाकाला रुमाल लावून खिडकीत बसायच्या, तरी खोली बदलायच्या नाहीत. मग ती तिसरी स्पर्धा आली. शेवटच्या फेरीत दमूताईंना फक्त बरोबरी हवी होती आणि समोर आली सुनंदाच. तिला त्या डावातून काहीच मिळायचं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, दोघी मैत्रिणी दहा मिनिटांत बरोबरी मान्य करून हात मिळवतील. सुनंदा खेळत राहिली आणि जिंकली.

"ती बोलली, 'दमे, बस की, बघूया.' मी डावाच्या कागदावर सही केली आनि उठले. बसले नाय." दमूताई कपाकडं बघत होत्या. "वीस वर्षं झाली. फोन हातात घेते नि ठेवते. आता तीच बसली नाय तर?"

सोसायटीच्या वर्धापनदिनाला बुद्धिबळाच्या स्पर्धा ठरल्या, तेव्हा पाहुण्या म्हणून सुनंदाताईंना बोलवू असं मीच सुचवलं. दमूताईंनी चहा गार होईस्तोवर विचार केला.

"नंबर देते. फोन तुमी करा. नाय बोलली तर मला सांगू नका."

मी फोन केला. सगळं ऐकून घेऊन पलीकडून एकच प्रश्न आला, "दमीनं नंबर दिला, का तुम्ही शोधलात?"

"त्यांनीच दिला."

त्यांनी तारीख विचारून घेतली. मग, "येते."

बक्षिसं वाटून झाली. क्लबहाउसमध्ये प्लॅस्टिकच्या टेबलाशी दोघी समोरासमोर बसल्या. ना नमस्कार, ना 'कशी आहेस'. सुनंदाताईंनी सोंगट्या मांडायला घेतल्या. रमाकांतभाऊ चहाचा ट्रे घेऊन खांबासारखे उभे. दोघींनी तो वीस वर्षांपूर्वीचा डाव न अडखळता, भराभर खेळत आणला. मग दमूताई थांबल्या.

"इथं बरोबरी होती."

"होती की."

"मग दिली का नायस?"

"मी द्यायची?" सुनंदाताई एकदम उसळल्या. "गरज तुला होती, तू मागायचीस! मी इथं चार चाली नुसता राजा हिकडून तिकडं करत बसले. वाट बघत होते तुझी, बये!"

दमूताई पटाकडं बघत राहिल्या. "मला वाटलेलं तू देशील. मी मागितली असती तर लोक बोलले असते, मैत्रिनीकडून भीक घेतली."

"आणि मी आपणहून दिली असती तर तूच म्हणाली असतीस, सुनंदीनं उपकार केले!"

"बोलले असते," दमूताईंनी कबूल केलं.

"म्हंजे दोघी वाट बघत बसलेल्या?" ट्रे धरून रमाकांतभाऊ म्हणाले.

आधी सुनंदाताई हसल्या. मग दमूताई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे घळाघळा वाहायला लागले. "सुनंदे, किताबाचं मला एवढं नव्हतं गं," त्या म्हणाल्या, "तू नव्हतीस ना, खेळायला मजाच नाय आली परत." सुनंदाताईंनी टेबलावरून हात पुढं करून त्यांचा हात धरला, त्यात दोन प्यादी आडवी झाली आणि कोणी उचलली नाहीत. मलासुद्धा चष्मा पुसावा लागला, उगाच कशाला नाही म्हणू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाताईंना सांगलीच्या गाडीला सोडायचं म्हणून मी चौथ्या मजल्यावर गेलो. आतून दोघींचे चढलेले आवाज येत होते. रमाकांतभाऊ बाहेर जिन्यात पेपर वाचत बसले होते.

"काय झालं हो?" मी घाबरून विचारलं.

"आमटीत गूल घालायचा का नाय, त्याच्यावरून पेटलंय."

"अहो, मग गाडीचं काय?"

"गाडी कसली घेऊन बसलाव, सायेब?" भाऊ मला बसायला पायरी पुसत म्हणाले. "भांडन आज झालं, म्हंजे अ‍ॅनालिसिस उद्या. ती बाय उद्या पन हितंच हाय."