रामटेके काकांचं अपडेट

आमच्या मजल्यावरचे रामटेके काका रोज सकाळी गेमच्या मशीनची प्रकृती वहीत लिहितात. "बॅटरी ब्याऐंशी टक्के. स्क्रीन ठीक. वरचं बटन जरासं कडक. आवाज नॉर्मल." खाली सही. मग चहा.

मशीन हातात मावणारं आहे, साबणाच्या डबीपेक्षा जरा मोठं. डावीकडे दिशेची बटनं, उजवीकडे गोळी झाडायचं, आणि आत आपण लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो ते सगळे गेम. रिटायर झालेला बाप घरात रमावा म्हणून मुलीनं पुण्याहून पाठवलं. काका रमले. काकू म्हणतात, "माह्यं बीपी यायले ठाऊक नाही, पण त्या डब्याची बॅटरी तोंडपाठ हाये."

काकांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. समोरचे काटे जागच्या जागी आहेत ना, एवढंच जन्मभर पाहिल्यामुळे त्यांचं एकच म्हणणं असतं, "चालून राहिलं ना? मंग हात लावू नका." त्यांचा फोन कैक वर्षांपासून अपडेट मागतोय. धरमपेठेतल्या एका दुकानदारानं टीव्हीत नवं सॉफ्टवेअर टाकून देतो म्हटलं, तर काका त्याला म्हणाले, "अन् चॅनल गेले तर तू येऊन बातम्या वाचशीन का रोज?"

गेमच्या मशीनवर पहिल्यांदा 'नवीन आवृत्ती उपलब्ध' असं झळकलं, तेव्हा वहीत लाल शाईनं नोंद झाली : "अपडेट मागितले. नाकारले."

असा हा माणूस मे महिन्यातल्या एका शनिवारी माझ्या दारात उभा राहिला. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, म्हणून बिल्डिंगमधल्या सगळ्या तारा माझ्याकडे येतात.

"वर्षा, अपडेट कराचं हाये."

मी आधी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. ऊन लागलं असावं. "काहून, काका? बिघडलं का काही?"

"काही नाही बिघडलं. नव्यात काय काय आलं ते वाचलं मी. मले पाह्यजे."

आणि मशीन माझ्या हातात ठेवलं.

मी म्हटलं, आधी आतल्या मेमरी कार्डाची नक्कल काढून ठेवू. कार्ड जुनं. निम्म्यात येऊन कॉम्प्युटर अडायचा. तीनदा केलं, तीनदा तसंच. त्या कार्डात काकांचं एका गेममधलं राज्य होतं. अकरा महिने खेळून त्यांनी नऊ किल्ले जिंकले होते आणि दहावा, शेवटचा, राहिला होता. दुपारी काका जेवायला उशिरा आले तर काकू शेजारी सांगायच्या, "लढाईवर हायेत."

"नक्कल निघत नाहीये, काका," मी सांगितलं. "अपडेट मध्येच अडकलं तर मशीन कायमचं बंद पडेल. नीट झालं तरी तुमचं राज्य राहीलच असं नाही. कशाला हात लावता? तुमचंच म्हणणं आहे ना..."

"माह्यं म्हणणं मले नको सांगू वं. उद्या अकरा वाजता."

रविवारी गेले, तर टेबलावर एक कागद. वर लिहिलेलं, 'परमिट'. चालत्या यंत्राला हात लावण्याआधी वीज केंद्रात अशी लेखी परवानगी लागायची म्हणे. काम काय, धोका काय, जबाबदार कोण. मी सही केली. काकूंनीही केली. त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'मिक्सर लावणार नाही.'

"कूलरही बंद," काका म्हणाले.

"काका, मे महिना आहे!"

"लोड नको. लाइट गेली तर?"

मशीनला स्वतःची बॅटरी आहे हे मी सांगितलं. "तिचा भरवसा नाही," म्हणाले आणि चार्जरची पिन पुन्हा दाबून पाहिली. कूलर थांबला. खोली पाच मिनिटांत भट्टी झाली. मी बटन दाबलं.

तेरा टक्के. अठ्ठावीस. काका आकडे मोठ्यानं वाचत होते, जणू पलीकडे कोणी टिपून घेतंय. एकसष्टवर आकडा थांबला.

"झालं का वं वर्षा?" आतून काकू. "मले चटणी वाटाची हाये."

"थांब वं!" काका ओरडले.

एकसष्ट. माझ्या हनुवटीवरून घाम टेबलावर पडला. काकांनी तो रुमालानं टिपला, मशीनपासून वीतभर लांब असूनही. आणि पडदा काळा झाला.

माझा हात आपोआप पुढे गेला. "बंद करून पुन्हा चालू करते."

"हात लावू नको." आवाज चढला नव्हता, पण तो आमच्या शेजारच्या काकांचा आवाज नव्हताच. मी हात मागे घेतला. काका भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. दोन मिनिटं. तीन. काकू दारात येऊन पदरानं वारा घेत उभ्या राहिल्या. चौथ्या मिनिटाला कडेचा बारीक दिवा लुकलुकला आणि पडदा उजळला.

गेमची यादी आली. काकांनी आपलं राज्य उघडलं. पडद्यावर एकच ओळ होती : 'नवा खेळ सुरू करा.'

"गेलं?" काकूंनी विचारलं.

"गेलं."

मी म्हटलं, "काका, मी..."

"तुह्यी काई चूक नाही." त्यांनी पडदा रुमालानं पुसला. मग मशीन माझ्याकडे सरकवलं. "आता ते बटनांचं कुठं हाये, दाखव."

नव्या आवृत्तीत कुठल्याही बटनाला कुठलंही काम देता येत होतं. काकांनी गोळीचं बटन उजवीकडून काढून डाव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला नेलं. मग उजवा हात मांडीखाली दाबून त्यावर बसले आणि एकट्या डाव्या हातानं खेळू लागले. मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मिक्सर लावला.

सोमवारी काका म्हणाले, "तुले सुट्टी हाये ना? खापरखेड्याले सोडतं का मले?"

वसाहतीतल्या एका क्वार्टरचं दार एका सुनेनं उघडलं. खिडकीजवळ खुर्चीत तिचे सासरे, डोंगरे काका, बसले होते. कंट्रोल रूममधले रामटेके काकांचे जोडीदार. हिवाळ्यात लकवा मारला. उजवा हात मांडीवर पडलेला होता, दुसऱ्या कोणाचा ठेवल्यासारखा.

"कोणी आलं तर तोंड फिरवून घेतात," सून मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "हे काका दर सोमवारी येतात. घंटाभर नुसते बसतात अन् जातात. आधी दोघं सुट्टीच्या दिवशी इथंच टीव्हीसमोर रणगाड्यांचा गेम खेळत. पोरं रडत, पण पाळी देत नसत."

मी बाहेरच्या खोलीत आले. रामटेके काकांनी प्रकृतीबिकृती काही विचारली नाही. डोंगरेंच्या मांडीवर उशी ठेवली, उशीवर मशीन.

"अंगठ्यानं चालव, बोटानं गोळी. सारं डाव्यातच हाये गा. उजव्याचं काई काम नाही."

डोंगरे पडद्याकडे पाहत राहिले. इतका वेळ, की मला वाटलं आता मशीनही ढकलून देतील. मग अंगठा हलला. त्यांचा पहिला रणगाडा लगेच फुटला. दुसराही. मशीन घसरलं, रामटेकेंनी उशी नीट केली. तिसऱ्या वेळी समोरचा रणगाडा उडाला आणि डोंगरेंच्या घशातून कसलासा आवाज निघाला. तोंडाची एक बाजू हसत होती.

"राम्या," ते अडखळत म्हणाले, "स... सरक. उजेड... अडवतं."

सून हातातलं पातेलं घेऊन तशीच बाहेर आली.

रामटेके काका खिडकीपासून सरकले आणि भिंतीला लागून उभे राहिले. तिनं खुर्ची दिली, त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. मी "बसा ना, काका" म्हटलं तर माझ्याकडे पाहिलंही नाही. डोंगरेंचा डाव संपेपर्यंत ते तसेच, कंट्रोल रूममधल्या काट्यांवर नजर ठेवल्यासारखे, उभे होते.