सिलिंडर उभाच येणार

सिलिंडर कसा हलवावा हे अख्ख्या ठाणे जिल्ह्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. ही बढाई नाही, वस्तुस्थिती आहे! उभी हयात मी ऑक्सिजन-नायट्रोजन भरणाऱ्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली आणि एकही सिलिंडर आडवा पडू दिला नाही. निवृत्त होताना लोक घड्याळ घेतात; मी सिलिंडर बांधायची साखळी आणि तिचं कुलूप मागून घेतलं. माझ्या बायकोला, अँजेलाला, ते फारसं पटलं नाही. तिनं कुलपाची चावी आपल्या जुडग्यात अडकवली, साखळी कपाटावर टाकली आणि विषय संपवला.

तर आमच्या भाचीचं, लिओनाचं लग्न होतं. आदल्या संध्याकाळी कोपरीला सासुरवाडीत उंबराचं पाणी. आम्हा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या मराठी ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जातात आणि नवरीसाठी पाणी आणतात. ते पाणी दारात आलं की मंडळींच्या हातात गरम फुगे पडलेच पाहिजेत. फुगे म्हणजे हवेचे नव्हेत. मैदा, अंडी, नारळाचं दूध घालून आंबवलेलं पीठ मुठीतून सोडून तळतात ते. घराण्यातल्या प्रत्येक लग्नाचे फुगे माझ्या सासूबाईंच्या, सेलेस्टीनबाईंच्या, मुठीतून सुटलेत. पण यंदा त्यांनी सकाळीच जाहीर करून टाकलं की हे शेवटचे, यापुढे विकतचे आणा. का, ते काही सांगेनात. सगळ्यांचे चेहरे पडले. माझा सगळ्यात जास्त पडला, कारण मी या घरात फुग्यांसाठीच लग्न केलं असं अँजेला म्हणते आणि मी ते कधी खोडून काढलेलं नाही.

आणि नेमका दुपारनंतर गॅस संपला! पाहुण्यांच्या चहापायी जादाचा सिलिंडरही आधीच रिकामा झाला होता. पीठ फुगून पातेल्याचं झाकण उचलायला लागलं होतं. शेजारचा टेम्पोवाला उत्तम म्हणाला, काळजी करू नका, भावाकडून स्कूटरवर आडवा टाकून आत्ता आणतो.

"आडवा?" मी म्हणालो. "अरे उत्तम, तू माणूस आहेस की कोण?"

मग मी जमलेल्या मंडळींना सिलिंडर आडवा का आणू नये याची तीन कारणं सांगितली. तिसऱ्याच्या मध्यावर सासूबाई म्हणाल्या, "बाला, पीठ कुनासाठी थांबत नाय." मी म्हणालो, आई, निर्धास्त राहा. वर्तकनगरला आमच्या घरी भरलेला सिलिंडर आहे. तो उभा येणार, बांधून येणार आणि मंडळी विहिरीवरून परतायच्या आत येणार!

उत्तमचा उघडा टेम्पो घेऊन आम्ही निघालो. दोघांचेही मोबाइल मी निघतानाच बंद केले. गॅस हाताळताना मोबाइल नको. घराची चावी माझ्याकडे होती. साखळीच्या कुलपाची अँजेलाच्या जुडग्यात होती, पण कुलूप दाबलं की बसणारं, त्यामुळे वर्तकनगरला चावी लागणारच नव्हती. उघडायचं कोपरीला, आणि अँजेलाही कोपरीला. माल वाटेत, चावी मुक्कामाला! वाटेत कुणी हात लावायचा प्रश्नच नाही. या व्यवस्थेवर मी इतका खूश होतो की उत्तमला ती दोनदा ऐकवली.

आमचं घर चौथ्या मजल्यावर. आता सिलिंडर आणि माणूस यांनी एका लिफ्टमधून जाऊ नये असा नियम आहे. मी सिलिंडर लिफ्टमध्ये मधोमध उभा केला, त्याच्या गळ्यात कंपनीतली जुनी पाटी अडकवली, 'धोका! ज्वलनशील वायू. जवळ येऊ नका', तळमजल्याचं बटण दाबलं आणि स्वतः जिन्यानं उतरलो.

खाली पोचतो तर लिफ्ट नाही! माझ्याआधी सहाव्या मजल्यावरच्या शकूवहिनींनी बटण दाबलं होतं. दार उघडलं आणि समोर गळ्यात पाटी घालून एकटाच उभा असलेला लाल सिलिंडर! त्यांची किंकाळी मला तळमजल्यावर ऐकू आली, पण मी समजलो, नेहमीसारखी मुलाची शिकवणी चाललीय. मग लिफ्ट पाचव्यावर थांबली, तिसऱ्यावर थांबली. ज्यानं दार उघडलेलं पाहिलं तो आत न येता मागच्या मागे पळाला. अखेर सिलिंडर खाली आला. मी तो टेम्पोत चढवला, केबिनमागच्या कठड्याला साखळीनं आवळला आणि कुलूप खटकन दाबलं. टेम्पो निघताना बघतो तर लोक मुलाबाळांना घेऊन जिन्यानं खाली येत होते. योग्य पद्धतीनं माल चढवणारा माणूस हल्ली बघायला मिळत नाही, म्हणून उतरले असतील. मी सगळ्यांना हात केला.

कोपरीपर्यंत मी उत्तमला दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ दिलं नाही. पुलावर एका हातगाडीवाल्यानं आम्हाला मागे टाकलं. उत्तम बिचारा मधूनमधून उसासे टाकत होता.

पोचलो तेव्हा गल्लीत शुकशुकाट. सगळी घरं कुलूपबंद, सगळा गाव विहिरीवर. सासूबाई तेवढ्या ओट्यापाशी पिठाच्या पातेल्यावर नजर ठेवून बसलेल्या. मी अभिमानानं सिलिंडर दाखवला आणि विचारलं, अँजेला कुठाय?

"ती वर्तकनगरला गेली. तुना शोधाला."

झालं होतं असं, की शकूवहिनींनी अँजेलाला फोन केला होता. तुमचा गॅस गळतोय, सोसायटी रिकामी करतोय, भावोजींचा पत्ता नाही आणि त्यांचा फोनही बंद आहे. तेव्हा अँजेला विहिरीवर होती. लिओनाच्या आनंदावर विरजण नको म्हणून तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सासूबाईंपुरता निरोप ठेवला आणि रिक्षा पकडली. चावीचं जुडगं अर्थातच तिच्या पर्समध्ये!

मी साखळी ओढून पाहिली. माझीच साखळी, माझाच पीळ, हलते कशाला! उत्तम म्हणाला, छिन्नी-हातोडा आणतो. मी म्हणालो, ठिणगी उडेल, खबरदार! दुरून बँड ऐकू यायला लागला. पाणी निघालं होतं. पिठानं झाकण पाडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा एका सिलिंडरकडे हताश होऊन पाहिलं आणि सासूबाईंना म्हणालो, आई, माफ करा, तुमचे शेवटचे फुगे माझ्यामुळे बुडाले.

त्या उठल्या. टेम्पोकडे गेल्या. सिलिंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उघड्यावर हाय?"

"हो."

"उभा हाय? बांधलेला हाय?"

"आई, असा बांधलेला तुम्ही जन्मात पाहिला नसेल."

"मंग शेगडी वर आन."

मी नियम आठवू लागलो. हवा खेळती, सिलिंडर उभा, शेगडी टेबलावर म्हणजे सिलिंडरपेक्षा उंच. मनाईचं एकही कलम सापडेना! उत्तमनं गाडीची चावी काढून खिशात टाकली आणि चाकांना विटा लावल्या. टेबल चढलं, शेगडी चढली, कढई चढली. शेवटी खुर्चीवर पाय देऊन, एका बाजूला जावई आणि दुसऱ्या बाजूला उत्तम धरून, सासूबाई चढल्या. नळी मी स्वतः जोडली आणि साबणाचं पाणी लावून तपासली. तेल तापलं आणि त्यांच्या मुठीतून पहिला फुगा सुटला.

तेवढ्यात बँड गल्लीत वळला. पुढे लिओना, मागे पाण्याच्या कळशा घेतलेल्या बाया. टेम्पोवर कढईशी उभी असलेली आजी बघून बँडवाले एकदम थांबले. मग त्यांनी टेम्पोला वेढा घातला आणि दुप्पट जोरानं वाजवायला लागले. लिओना नाचायला लागली, तिचा भाऊ लॉईड नाचायला लागला. सासूबाई फुगे सोडता सोडता खांदे उडवत होत्या आणि त्यांचे डोळे वाहत होते. मला वाटलं तेलाची वाफ लागली. मी नळीकडे लक्ष ठेवून उभा होतो.

अँजेला पोचली ती याच गोंधळात. रडून रडून डोळे सुजलेले. तिनं आधी मला घट्ट मिठी मारली. नंतर ती जे बोलली ते लग्नघरात बोललेलं असल्यामुळे इथे लिहीत नाही. ती माझी किती काळजी करते हे मला त्या संध्याकाळी कळलं आणि फार बरं वाटलं.

फुग्यांची टोपली रिकामी होत आली तेव्हा लॉईडनं भीत भीत विचारलं, आजी, खरंच हे शेवटचे?

सासूबाईंनी पदराला हात पुसले. "इतकी वर्सं मी आत तलते नि तुमी भायेर नाचता. घरातल्या एका बी लग्नाचं पानी दारात येताना मी बगितलं नाय. आज बगितलं." मग म्हणाल्या, "तुज्या लग्नाचे बी मीच करनार. पन हितंच, टेम्पोत."

टाळ्या पडल्या. मी तर डोळेच पुसले. शेवटी कुणाच्या साखळीमुळे हे घडलं? एवढ्या वर्षांत जे कुणाला जमलं नाही ते माझ्या सुरक्षित हाताळणीनं करून दाखवलं होतं! दोन शब्द बोलावे म्हणून मी घसा साफ केला.

"आनि गॅस उत्तमनं आनायचा," सासूबाई म्हणाल्या. "आडवा आनला तरी चालल."

मी तीन कारणं सांगायला तोंड उघडलं, तर अँजेलानं त्यात शेवटचा उरलेला फुगा कोंबला. गरम होता. मी आधी तो खाल्ला.